स्टेबलकॉइन : नाणं की चॉकलेट?

मित्रांनो, लहानपणी दुकानदाराने "सुट्टे नाहीत" म्हणत तुमच्या हातावर कधी चॉकलेट ठेवलंय का? राजुरीला सुट्टीत गेलं की माझ्या हातावर हमखास पडायचं. आबांनी वीसची नोट देऊन चहापत्ती आणायला पाठवावं, अठरा रुपये व्हावेत, आणि उरलेल्या दोन रुपयांच्या जागी दोन चॉकलेटं मिळावीत. मी खूश! एकदा मात्र मी डोकं चालवलं. साठवलेली दहा चॉकलेटं घेऊन त्याच दुकानात गेले आणि म्हटलं, "काका, याचा दहा रुपयांचा बिस्किटपुडा द्या." काका पोट धरून हसले. म्हणाले, "बाळा, चॉकलेटं खायची असतात. त्यानं सामान मिळत नाही."

म्हणजे मला देताना एक चॉकलेट बरोबर एक रुपया, आणि माझ्याकडून घेताना शून्य! अर्थशास्त्राचा पहिला धडा मला त्या दुकानात मिळाला. त्याचं महत्त्व कळायला मात्र थर्ड इयरचा सेमिनार आणि घरातला एक मनस्ताप असं दोन्ही लागलं.

पुढे जाण्याआधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आबा "एकोणऐंशी" म्हणाले की मी अजूनही मनात आधी सेव्हंटी नाइन करते. त्यामुळे व्याकरणाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं होतं, कारण ज्यांना तो कळायला हवा ते आमचे आबा इंग्रजी विभाग वाचत नाहीत!

तर झालं असं. सेमिनारला आमच्या ग्रुपने विषय घेतला 'रोजच्या व्यवहारात स्टेबलकॉइन'. सगळे एकदम भारावलेले. पुढच्या पाच-दहा वर्षांत नोटा जाणार, बँका जाणार, वडापावसुद्धा स्टेबलकॉइनने घेणार वगैरे. मीही त्यात होते. स्लाइड्सवर एक मोठा बाण काढला होता, तो वरच जात होता. आणि मग मी दिवाळीला गावी गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बिटकॉइनचा भाव सतत वरखाली होतो. आज घेतलेल्या चहाची किंमत उद्या दुप्पट वाटली तर त्याने चहा कोण घेणार? म्हणून स्टेबलकॉइन निघालं. एखादी कंपनी म्हणते, "मला एक डॉलर द्या, मी तुम्हाला एक डिजिटल नाणं देते. नाणं परत आणलंत की डॉलर परत." कंपनीने तो डॉलर बँकेत किंवा सरकारी रोख्यांत जपून ठेवायचा. नाणं मात्र इंटरनेटवरून जगात कुठेही, रात्री-बेरात्री, सुट्टीच्या दिवशीसुद्धा काही मिनिटांत जातं. २०१४ पासून चालू असलेलं टेदर म्हणजे यूएसडीटी हे यातलं सगळ्यात मोठं, त्यानंतर यूएसडीसी. कल्पना छानच आहे. इंजिनीअरला तर फारच आवडते. मधले सगळे दलाल गायब!

आता आमच्या दादाची गोष्ट. माझा चुलत भाऊ राजुरीतच राहतो. चार म्हशी, कांदा, थोडा ऊस, आणि रात्री बसून परदेशातल्या लोकांसाठी व्हिडिओ एडिटिंग. काम झकास करतो. आधी पैसे आणायला त्याला चार-पाच दिवस लागायचे आणि चारशे डॉलरमधले पंचवीस-तीस डॉलर वाटेतच गळायचे. मग एका क्लायंटने विचारलं, यूएसडीटी चालेल का? दहा मिनिटांत पैसे आले, कटले फक्त एक-दीड डॉलर. दादा म्हणतो, "मला कुणी क्रिप्टोचं वेड लावलं नाही. मी नुसता खर्च वाचवला." आणि यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जगभरात दोनशे डॉलर परदेशी पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, असं जागतिक बँकेची आकडेवारी सांगते. घाम गाळून कमावलेल्या पैशातले सहा टक्के म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.

अडचण पुढेच होती. यूएसडीटी मोबाइलमध्ये आलं, पण पेंडीचं पोतं रुपयात मिळतं. मग दादाने एका अॅपवर गिऱ्हाईक शोधलं. कोणीतरी अनोळखी माणूस थेट खात्यात रुपये टाकतो, तुम्ही त्याला नाणी पाठवता. शिवाय तो बँकेच्या डॉलरच्या भावापेक्षा दोन रुपये जास्त देत होता. सात-आठ वेळा सगळं सुरळीत झालं. नवव्या वेळी साधारण छत्तीस हजार रुपये आले आणि चौथ्या दिवशी खातं गोठलं. बँक म्हणाली, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, आमच्या हातात काही नाही. म्हणजे ज्या अनोळखी माणसाने रुपये टाकले होते ते त्याचे नव्हतेच. कुणाला तरी फोनवरून फसवून उकळलेला तो पैसा होता आणि तो धुण्यासाठी दादाचं खातं वापरलं गेलं होतं.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). त्याच खात्यात घरच्या दुधाचं दर दहा दिवसांचं बिल जमा व्हायचं. छत्तीस हजारांच्या वादात सगळं खातं अडकलं. ऐन दिवाळीत काकूने पेंड उधारीवर आणली. दादा रोज सकाळी बँकेत आणि दुपारी फोनवर. ज्या कंपनीचं अॅप होतं तिने उत्तर दिलं की व्यवहार दोन व्यक्तींमधला आहे, तुम्ही आपसात बघून घ्या. मधले सगळे दलाल गायब, असं आमच्या स्लाइडवर लिहिलं होतं ना? खरंच गायब होते. तक्रार ऐकायलासुद्धा कुणी नव्हतं.

आबांना हे समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी ब्लॉकचेन, वॉलेट, रिझर्व्ह सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "तो गडी दोन रुपये जास्ती का देत हुता?" मी गप्प. आबा म्हणाले, "आगं, बाजारभावापेक्षा जास्ती भाव देणारा व्यापारी बांधावर आला, की माल दाखवायच्या आधी त्याचं गाव इचारावं. कांदा उचलून पळालेले काय कमी पाहिलेत?"

आमच्या पूर्ण सेमिनारमध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. अगदी आमच्या सरांनीही नाही!

घरी परतल्यावर मी सेमिनारच्या स्लाइड्स पुन्हा उघडल्या आणि आबांचा प्रश्न प्रत्येक स्लाइडला लावला. नाण्याच्या पाठीशी कोण आहे आणि तो किती भावाने परत घेतो? तेव्हा जे सापडलं ते मांडते.

पहिली गोष्ट, 'स्टेबल' म्हणजे कशाशी स्टेबल? डॉलरशी. रुपयाशी नाही. आळेफाट्याला कांद्याची पट्टी रुपयात होते, एसटीचं तिकीट रुपयात, आमची कॉलेजची फी तर फारच रुपयात. रोज बदलणाऱ्या डॉलरच्या भावाने चहा घ्यायचा म्हणजे चहावाल्याला रोज बोर्ड बदलावा लागेल. ज्या देशांत महागाईने स्वतःचं चलनच वितळतंय, उदाहरणार्थ अर्जेंटिना, तिथल्या लोकांना डॉलरचं नाणं आधार वाटतं. ते समजू शकतं. आपल्याकडे ती वेळ नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशात क्रिप्टोवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण ते कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेच्या वरच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस. स्टेबलकॉइनसुद्धा त्यातच धरलं जातं. म्हणजे यूएसडीटीने काही विकत घेतलं तरी ते तुमची एक मालमत्ता विकल्यासारखंच. वडापाव खाऊन त्यावर नफ्या-तोट्याचा हिशोब ठेवायचा! कोण ठेवणार?

तिसरी गोष्ट, वेगाचं म्हणाल तर तो प्रश्न आपल्याकडे आधीच सुटलाय. २०१६ मध्ये यूपीआय आलं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. राजुरीच्या स्टँडवर भेळेच्या गाडीला कोड लावलाय, बेल्ह्याच्या आठवडे बाजारात भाजीवाल्या मावशींच्या पाटीलाही कोड आहे. पैसे लगेच, रुपयातच, आणि ग्राहकाला खर्च शून्य. (आणि हो, चॉकलेटं गेली! अठरा झाले तर अठराच जातात.) यूपीआय कधीच बंद पडत नाही असं नाही. १२ एप्रिल २०२५ ला देशभर अडकलं तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये एकमेकांची तोंडं बघत होतो. पण मोबाइलला रेंज नसली तर स्टेबलकॉइन तरी कुठून जाणार?

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शब्द. स्टेबलकॉइन म्हणजे शेवटी एका कंपनीने दिलेला शब्द. तो किती टिकतो? मे २०२२ मध्ये टेरा यूएसडी नावाचं नाणं कोसळलं. त्याच्यामागे डॉलर नव्हतेच, दुसरं एक नाणं आणि एक अल्गोरिदम होता. सुमारे १८ अब्ज डॉलरचा पसारा काही दिवसांत मातीमोल झाला. बरं, ते बनावट आणि बाकीची खरी, असं म्हणावं तर मार्च २०२३ मध्ये चांगलं समजलं जाणारं यूएसडीसीसुद्धा डगमगलं. त्याच्या राखीव रकमेतले ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत होते आणि ती बँक बुडाली. एक डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या आसपास आलं. अमेरिकन सरकारने ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केल्यावर ते सावरलं. म्हणजे सरकार नको, बँक नको म्हणणाऱ्या नाण्याला शेवटी वाचवलं कुणी? सरकारनेच!

इथे आमच्या ग्रुपमधला एक मित्र लगेच म्हणाला, "मग बँका काय धुतल्या तांदळासारख्या आहेत का?" प्रश्न रास्त आहे. मी सहावीत होते तेव्हा ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. गावात भरवसा जिल्हा बँकेवर, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. आबा पहाटे उठून आळेफाट्याला रांगेत उभे राहिलेले मला आठवतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. स्वतःचेच! पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच गेला. त्यामुळे बँक म्हणजे देव असं मी म्हणतच नाही.

पण एक फरक आहे. बँक बुडाली तर दार ठोठवायला एक दार असतं. पीएमसीच्या गोंधळानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचं विम्याचं संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. लोक रस्त्यावर उतरले, ओरडले, म्हणून ते झालं. टेरा यूएसडीवाल्यांनी ओरडायचं कुणाच्या दारात? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याच देशातल्या एक्स्चेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरचा दरोडा पडला, तेव्हा ग्राहकांची खाती वर्षभराहून जास्त अडकून राहिली आणि निकाल लागला सिंगापूरच्या न्यायालयात. राजुरीच्या माणसाने सिंगापूरला जायचं का?

आता थोडं मागे जाऊया. आमच्या तालुक्याला नाण्यांचा इतिहास काही नवा नाही. आमच्या जुन्नरला कोकणातल्या बंदरांशी जोडणारा घाट आहे, त्याच्या नावातच नाणं आहे, नाणेघाट. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्यात यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्तींबरोबर हजारो कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेत. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असत असं सांगतात. पुढे पेशवाईत तर नाण्यांची नुसती जत्रा होती. वेगवेगळ्या टांकसाळींचे वेगवेगळे रुपये, अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी न्यायचा तर सराफ तो पारखणार आणि काही आणे कापून बदलून देणार. त्या कापण्याला म्हणायचे बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण, तोच हा बट्टा! १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकाच वजनाचा रुपया आणायला सुरुवात केली आणि हळूहळू तो कारभार संपला. रुपया म्हणजे रुपया. कुणाचा, कुठला, कुठून आला हे विचारायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. रोजच्या व्यवहारातला पैसा तोच, जो बट्ट्याशिवाय हातोहात जातो. स्टेबलकॉइनमुळे सराफाचं दुकान पुन्हा उघडतंय, फक्त आता ते मोबाइलमध्ये आहे. यूएसडीटीचा एक भाव, यूएसडीसीचा दुसरा, बँकेतल्या डॉलरचा तिसरा, आणि अनोळखी गिऱ्हाईक देईल तो चौथा. दादाला मिळालेले दोन रुपये जास्तीचे हासुद्धा बट्टाच होता, उलटा. नाणं बदलून घेण्याचा नव्हे, धोका अंगावर घेण्याचा. आणि हा धोका नेहमी ज्याला बाजाराची कमी माहिती त्याच्याच अंगावर येतो.

मग काय, स्टेबलकॉइन वाईट, बंद करा? नाही. तसं म्हणणं म्हणजे दादाचा मूळ प्रश्न झटकणं. परदेशातून पैसे यायला आजही वेळ लागतो आणि पैसे कटतात, हे खरंच आहे. स्टेबलकॉइनची खरी जागा तिथे आहे, भेळेच्या गाडीवर नाही. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये 'जीनियस' नावाचा कायदा करून कंपन्यांना सांगितलं की नाणं काढायचं तर तेवढे डॉलर किंवा अल्प मुदतीचे सरकारी रोखे राखून ठेवा आणि हिशोब जाहीर करा. म्हणजे शब्दाला तारण द्या. आपणही दुसऱ्या बाजूने तोच रस्ता बांधतोय. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपलं यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊला जोडलं गेलं. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला, पहिल्या चार शहरांत मुंबई होतीच. तो वापरणारे अजून कमी आहेत हे मान्य, पण त्याच्यामागे कंपनीचा नाही तर रिझर्व्ह बँकेचा शब्द आहे. हे रस्ते दुबई, लंडन, अमेरिकेपर्यंत स्वस्तात गेले तर दादाला यूएसडीटी लागणारच नाही.

तोपर्यंत दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, वाद छत्तीस हजारांचा असेल तर छत्तीस हजारच अडकवा, दुधाचे पैसे कशाला? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच असा निर्वाळा दिलाय की संशयास्पद रकमेपुरतंच खातं अडवावं. हे प्रत्येक बँकेच्या काउंटरपर्यंत पोचलं पाहिजे. दोन, आपल्यासारखी फ्रीलान्सिंग करणारी पोरं गावोगावी आहेत. मार्च २०२३ पासून क्रिप्टोच्या एक्स्चेंजना मनी लाँड्रिंगविरोधी कायदा लागू झालाय आणि केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. घ्यायचेच असतील तर अशा नोंदणीकृत ठिकाणी बदला, कर भरा, क्लायंटचं बिल जपून ठेवा. अनोळखी माणसाशी थेट व्यवहार नको. भाव जास्त देत असेल तर मुळीच नको. आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा!

दादाचं खातं सात आठवड्यांनी उघडलं. छत्तीस हजार अजून अडकलेलेच आहेत. तो आता क्लायंटला म्हणतो, बँकेतूनच पाठव, पंचवीस डॉलर गेले तर गेले. मला हे ऐकून बरं वाटलं नाही. कारण त्याने हार मानली असली तरी ते पंचवीस डॉलर वाचवणं हे खरं तर आपलं, इंजिनीअर होणाऱ्यांचं काम आहे. आमच्या सेमिनारला मार्क चांगले मिळाले. पण वर जाणारा तो बाण मी स्लाइडवरून काढून टाकला आणि त्या जागी आबांचा प्रश्न लिहिला. वर्गात हशा पिकला, तरी सर म्हणाले, "हा प्रश्न व्हायवाला विचारणार."

तेव्हा मित्रांनो, उद्या कुणी तुम्हाला नवं नाणं दाखवलं तर तंत्रज्ञान जरूर बघा, आपण ते शिकतोच. पण ते घेऊन एकदा त्याच दुकानात परत जा आणि बिस्किटपुडा मागून बघा. मिळाला तर नाणं. नाहीतर, खाऊन टाका!